मैदानात मेंढरं बसवली त्या वर्षी

आमच्या फुटबॉल संघाचं घरचं मैदान साताऱ्यात होतं आणि संघ सांगलीचा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. पहिल्या वर्षी आम्हीही हसलो होतो.

झालं होतं असं. नदीकडच्या आमच्या पेठेला लागून एक जुनं मैदान होतं. संघ तिथंच जन्मला, तिथंच वाढला. रस्ता रुंद करायचा आणि गाड्या लावायला जागा हवी, म्हणून ते मैदान गेलं. बदल्यात गावाबाहेर नवं स्टेडियम मिळणार होतं. दोन्ही बाजूंना गॅलरी, खेळाडूंना कपडे बदलायला खोल्या, खाली हिरवं गवत. रंगीत चित्राचा मोठा फलक लागला. त्या चित्रातलं आभाळसुद्धा सांगलीच्या आभाळापेक्षा निळं होतं. येत्या दिवाळीला उद्घाटन, असं सांगितलं गेलं. तोवर घरचे सामने खेळायला फुटबॉल संघटनेनं आम्हाला साताऱ्यातलं एक मैदान दिलं.

माझ्यापुरतं ते सोयीचंच होतं. मी साताऱ्यात एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. एका खोलीत भाड्यानं राहतो. सामन्याच्या दिवशी मी चालत मैदानावर जायचो. बाकीचे चाळीस-पन्नास जण सांगलीहून टेम्पोत बसून, इस्लामपूर, कऱ्हाड करत, तीन तासांनी उतरायचे. अंगावर हळदी रंगाच्या जर्सी आणि पाय अवघडलेले. साताऱ्याची पोरं कठड्यावर बसून त्यांचीच वाट बघत असायची.

"आलं रं, आलं! यजमान आलं!"

"काय पाव्हणं, स्टेडियम झालं का?"

"ह्यांचं स्टेडियम हुयाच्या आधी माझ्या पोराचं लगीन हुईल."

"तुझं पोरगं केवढं रं?"

"पाळण्यात हाय."

आमच्यातला कुणीतरी उलट ओरडायचा, "मग आत्ताच मुंडावळ्या बांध त्याला, दिवाळीला उद्घाटन हाय!" आणि ते आणि आम्ही एकदमच हसायचो. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न आला तेव्हा आमच्या बाजूनं कुणी ओरडलं नाही.

पहिल्या दिवाळीच्या आधी साइटवर पुराचं पाणी आलं. ते ओसरलं तर आचारसंहिता लागली. ती उठेपर्यंत ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराला जुन्याचा पाया पसंत पडेना. मग गटारीचा नकाशाच चुकला आहे असं निघालं. दर वेळी नवी तारीख मिळायची आणि ती कुठल्यातरी सणाची असायची, म्हणजे ऐकणाऱ्यालाही बरं वाटावं. साइटवरचा सुपरवायझर भला माणूस होता. तो म्हणायचा, "दिवाळी म्हटलंय ना, मग दिवाळीच." कुठली दिवाळी ते मात्र सांगायचा नाही.

दर रविवारी सकाळी आमचे लोक साइटवर जायचे. भोवती पत्रे ठोकलेले होते, त्यांत एक फट होती, तिथून पाळीपाळीनं आत बघायचं. मीही महिन्यातून दोन रविवार साताऱ्याहून जायचो. आमच्यात सगळ्यांत पुढं असायचे चाचा. चाचा म्हणजे पेठेतले शिंपी. शाळांचे गणवेश आणि आमच्या संघाच्या जर्सी शिवणं हा त्यांचा धंदा, आणि संघ हेच त्यांचं बाकी सगळं आयुष्य. गळ्यात कायम टेप. फटीतून आत शिरून ते गॅलरीच्या भिंतीला टेप लावायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "गेल्या आयतवारी कंबरंपत्तूर हुती, आज बी कंबरच. ह्या पोराची उंची काय वाढंना झालीय."

चाचांविषयी थोडं सांगायला हवं. माझे वडील हळदीच्या बाजारात हमाल होते. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी दहावी झालो त्या वर्षी वडिलांनी मला बाजारात न्यायचं ठरवलं होतं, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. एका शुक्रवारी नमाज उरकून चाचा घरी आले. उंबऱ्यातच बसले. वडिलांना म्हणाले, "ह्याच्या पाठीवर पोतं चढवू नगंस. एकदा चढलं की उतरत न्हाई ते. तुझं उतरलं का?" दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या दुकानात कटिंगच्या टेबलाचा एक कोपरा माझ्या वह्या-पुस्तकांचा झाला. खडूची पूड आणि कापडाच्या चिंध्या यांच्यात बसून मी बारावी केली आणि पुढं बी.एस्सी.सुद्धा. विषय वनस्पतिशास्त्र. निकाल लागला त्या दिवसापासून संघाच्या मंडळात माझं नाव गेलं. सगळे मला बीएस्सीच म्हणू लागले. "बीएस्सीला विचारा." "बीएस्सी, हे पत्र काय म्हणतंय बघ की." मला ते फार आवडायचं. इतकं आवडायचं, की पुढं जे झालं त्याचं मूळ मला त्यातच दिसतं.

दुसरा हंगाम संपता संपता संघटनेचं पत्र आलं. चाचांनी ते मला वाचायला दिलं. तीन ओळींचं होतं. सलग तिसऱ्या हंगामात स्वतःचं मैदान नसेल तर संघाची नोंदणी रद्द होईल. गणपती झाल्यावर पाहणी होईल. तोवर मैदान खेळण्यायोग्य असावं.

दुकानात टेबलाभोवती दहा-बारा जण उभे होते. नोंदणी रद्द झाली म्हणजे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. खेळाडू मोकळे होतात, दुसरे संघ त्यांना घेऊन जातात, आणि मग नुसती जर्सी राहते. असे दोन संघ आमच्या डोळ्यांदेखत गेलेले होते. त्यांतल्या एकाच्या खोलीत आता झेरॉक्सचं दुकान आहे.

मी पत्र परत वाचलं. मग मला एक गोष्ट दिसली आणि मी ती मोठ्यानं सांगितली. पत्रात गॅलरीचा उल्लेखच नव्हता. त्यांना फक्त मैदान हवं होतं, गवत असलेलं, आखलेलं.

"म्हंजी भिताडं न्हाई झाली तरी चालतंय?" चाचांनी विचारलं.

"चालतंय असं दिसतंय."

"नुसतं गवात?"

"नुसतं गवत."

चाचांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "लय झाक! गवात काय, आपून उगवू की!"

पण ते एवढं सोपं नव्हतं. साइटवर मैदानाच्या जागी मुरूम टाकून वर काळ्या मातीचा पातळ थर पसरलेला होता. ठेकेदारानं त्यात हरळी लावून बघितली होती, ती उन्हानं पिवळी पडून जळाली. सुपरवायझर म्हणाला, वरून बिल निघाल्याशिवाय मी एक पाटीसुद्धा खत आणणार नाही. मग हळूच म्हणाला, "तुमचं तुम्ही काय करायचं ते करा. मी काय बघितलं न्हाई."

उपाय आणला तो आमच्या गोलकीपरच्या वडिलांनी. गोलकीपर पूर्वेकडच्या दुष्काळी भागातला, धनगराचा पोरगा. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला होता आणि आमच्यासाठी खेळायचा. आमचा संघ टिकला होता तो त्याच्या हातांवर. त्याचे वडील उन्हाळ्यात मेंढरं घेऊन नदीकाठच्या उसाच्या भागात उतरायचे. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं चरायची आणि संध्याकाळी एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात बसवली जायची. मेंढरं बसवणं म्हणजे वाघर लावून, दोरीच्या त्या जाळ्यात कळप रात्रभर एका जागी ठेवणं. लेंडी आणि मूत त्या जमिनीत मुरतं आणि पुढचं पीक जोमानं येतं. आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही. शेतकरी त्यासाठी धनगराला धान्य देतो, मागं लागून बोलावतो.

ते दुकानात आले, पागोटं मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "खत कशाला इकत आणताय? माजी मेंढरं बसवतो की चार राती. पोराचं ग्राउंड हाय, धान्य बी नगं."

सगळ्यांचे चेहरे उजळले. एकानं लगेच टाळी वाजवली. "मेंढरांच्या लेंडीवर हरळी न्हाई आली तर मिशी काढीन!"

"तुला मिशी हाय कुठं?"

"यील की हरळीसंगं!"

आणि मग चाचा माझ्याकडं वळले. "बीएस्सी, तू सांग. तुजं शास्त्र काय म्हनतंय? बसवायची?"

सगळे माझ्याकडं बघत होते. दुकानातलं मशीनसुद्धा थांबलं होतं. मी म्हणालो, "उत्तम खत. नत्र भरपूर. बसवा."

नत्राचं खरंच होतं. पण त्या दिवशी मी एक मिनिट थांबलो असतो, ती मेंढरं सध्या कुठं चरतायत, काय खातायत, एवढं जरी विचारलं असतं, तर मला आठवलं असतं. मी विचारलं नाही. मला विचारलं गेलं याच आनंदात मी होतो.

वैशाखात मेंढरं आली. शनिवार होता, मी कॉलेज करून दुपारच्या एस.टी.नं गेलो होतो. ऊन उतरल्यावर दोनशेच्या वर मेंढरं त्या अर्धवट गॅलऱ्यांच्या मधून मैदानात शिरली. धूळ उडाली. सुपरवायझर पाठ करून पाण्याच्या टाकीकडं बघत उभा होता. गोलकीपरच्या वडिलांनी मधल्या रेषेपासून गोलपर्यंत वाघर लावली. पहिल्या दिवशी हा गोल, दुसऱ्या दिवशी तो, अशी वाटणी करून. आमची पोरं खेळाडूंची नावं घेऊन मेंढरांना हाका मारत होती. "ए, ऑफसाइड हाय ती, मागं घे!" चाचा कडेला रुमाल टाकून बसले होते. मला म्हणाले, "दोन वर्सात पहिल्यांदा ह्या स्टेडियममदी गर्दी बघितली बघ."

जूनमध्ये पाऊस लागला. आम्ही पन्नास जणांनी दोन रविवार वाकून हरळीची मुळं लावली. घराघरातल्या बायका आल्या, माझी आई आली. हरळी खरोखर उठली. तिसऱ्या आठवड्यात फटीतून हिरवं दिसायला लागलं. चाचांनी मला फोन करून सांगितलं तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "पोरा, गालिचा! नुस्ता गालिचा!"

मी आषाढात गेलो. पत्र्यातून आत शिरलो, चप्पल काढली आणि गवतात पाय टाकला. थंडगार होतं. गोलसमोरच्या चौकोनात गेलो, त्याला आम्ही डी म्हणतो, आणि तिथं मला हरळीतून वर आलेली नाजूक दुहेरी पानं दिसली. चिंचेसारखी, पण चिंचेची नव्हेत. मी खाली बसलो. एक रोप होतं, त्याच्याजवळ दुसरं, वीतभरावर आणखी चार. मी गुडघ्यांवर रांगत गेलो आणि मोजायचं सोडून दिलं. बाभळी होत्या.

उन्हाळ्यात धनगर बाभळीच्या शेंगा काठीनं झोडपून मेंढरांना घालतात. शेंग पचते, बी पचत नाही. उलट पोटातून जाऊन आलेल्या बीचं कठीण कवच मऊ होतं आणि ते जास्त लवकर रुजतं. हे मला कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात बियांच्या प्रसारावर प्रश्न आला होता आणि मी हेच उदाहरण दिलं होतं, बाभूळ आणि मेंढी. त्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले होते. चाचांच्या टेबलावर बसूनच मी ते पाठ केलं होतं.

मी कुणाला काही बोललो नाही. एवढंच सांगितलं की बाभळी उगवल्यात, उपटाव्या लागतील.

मग श्रावण आणि भाद्रपद आम्ही उपटत राहिलो. बाभळीचं रोप बोटभर असतं तेव्हा त्याचं मूळ हातभर खाली गेलेलं असतं. उपटलं तर वरचं तुटतं, खालचं राहतं, आणि आठ दिवसांत दोन फुटवे फुटतात. खुरप्यानं खणावं तर हरळी उखडते आणि खड्डा पडतो. रविवार पुरेनात. लोक कामावरून सुटून थेट साइटवर यायला लागले. मी रजा काढून गेलो. हातांना गोणपाट बांधून आम्ही रांगेनं बसायचो आणि सरकत जायचो. बोलणं कमी होत गेलं. जो मिशीचा विनोद करायचा त्याच्या बोटात काटा मोडून पिकला, तो आठवडाभर आला नाही, आणि आला तेव्हा त्यानं विनोद केला नाही. सरतेशेवटी आम्ही मुळं खणायचं सोडलं. जमिनीलगत विळ्यानं कापत गेलो. वरून हिरवं दिसलं म्हणजे झालं, असं कुणी म्हणालं नाही, पण सगळे तेच करत होते. पाहणीला सहा दिवस राहिले होते.

पाहणीला आलेले सर स्वतः जुने खेळाडू होते. त्यांना आम्हाला नापास करायचं नव्हतं हे आल्या आल्याच कळलं. गॅलरीकडं बघून ते म्हणाले, "ते जाऊ द्या, ते माझ्या यादीत नाही." चुन्यानं आखलेल्या रेषा त्यांनी चालून बघितल्या. चेंडू चार ठिकाणी टाकून बघितला. "गवत बरं धरलंय हो," म्हणाले. चाचा त्यांच्या मागं तीन पावलांवर चालत होते. टेप त्यांनी खिशात घातला होता, सरांना खेळ वाटू नये म्हणून.

डीमध्ये येऊन सर थांबले. "गोलकीपर कोण?"

आमचा पोरगा पुढं झाला.

"दोन-तीन डाइव्ह मार बरं. मऊपणा बघू."

मी त्याच्याकडं बघितलं. खाली काय आहे ते त्याला माहीत होतं. विळा घेऊन तोही आमच्या रांगेत बसला होता. तो दोन पावलं मागं गेला आणि उजवीकडं झेपावला. पूर्ण अंग टाकून, सामन्यात टाकतो तसंच. उठला. डावीकडं झेपावला. उठला. मग त्यानं सरांकडं बघून विचारलं, "आजून?"

"एक."

तो पुन्हा डावीकडं पडला. उठताना त्यानं हात काळ्या चड्डीला पुसला आणि पाठीमागं घेतला.

"हात दाखव," सर म्हणाले.

"काय न्हाई सर. जुनं हाय."

"जुन्यातून रक्त येतंय होय?"

त्याला हात पुढं करावा लागला. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे होते आणि तळहातात बाभळीचा खुंट घुसून मोडला होता. सर खाली बसले. पेनानं गवत बाजूला केलं. तिरके कापलेले खुंट हरळीत सगळीकडं होते, सुईसारखे. त्यांनी आणखी दोन-तीन जागी बघितलं.

चाचा त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. मी चाचांना कुणापुढं हात जोडताना कधी बघितलं नव्हतं. "सर, पंधरा दिस द्या. आमी दातानं उपटतो."

"मला देता आले असते तर दिले असते हो," सर म्हणाले. "ह्यानं उडी मारली म्हणून कळलं. उद्या इथं शाळेतली पोरं पडतील." ते उठले, कागदावर लिहिलं, आणि गोलकीपरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यासारखा गोलकीपर मी लई दिवसांत बघितला नाही." आमच्यातल्या कुणालाही त्याचा आनंद झाला नाही.

गोलकीपरचे वडील पत्र्याजवळ उभे होते. ते आत आले. धनगराच्या कमरेला काटे काढायचा चिमटा असतो, मेंढरांच्या खुरांसाठी. पोराला खाली बसवून त्यांनी तळहातातला खुंट काढला. मग सगळ्यांकडं बघत म्हणाले, "माज्या मेंढरांनी घात केला तुमचा."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडायला हवं होतं आणि सांगायला हवं होतं की बाबा, तुमची चूक नाही, मला माहीत असायला हवं होतं, मला माहीत होतंच. आजूबाजूला तीस माणसं होती. मी खाली वाकून चुन्याच्या पाट्या गोळा करायला लागलो.

आठ दिवसांनी सुपरवायझरनं वर अहवाल दिला. समर्थकांनी परवानगीशिवाय जनावरं सोडल्यामुळं मैदानाचं नुकसान झालं, सबब पुढील काम चौकशी होईपर्यंत थांबवण्यात येत आहे. त्या पत्राची प्रत चाचांना मिळाली. दोन वर्षं जो विलंब कुणाच्याच नावावर नव्हता तो आता आमच्या नावावर झाला. पत्र्यातली फट वेल्डिंग करून बंद केली गेली. संघटनेचं पत्र त्यानंतर आलं. त्यात नवीन काही नव्हतं.

खेळाडू एकेक करून गेले. कुणी वाईट बोललं नाही. जाताना जो तो चाचांच्या दुकानात येऊन पाया पडायचा आणि चाचा म्हणायचे, "खेळ थांबवू नगं." शेवटी गोलकीपर राहिला. साताऱ्यातल्या एका संघानं त्याला बोलावलं होतं, सोबत नोकरीही देत होते. एका रविवारी तो माझ्या खोलीवर आला. खुर्ची एकच होती, तरी तो खाली बसला.

"बीएस्सी, करू का सही? तू सांगशील तसं."

तळहातावरची खूण अजून लालसर होती. मी त्याला म्हणालो, कर. दुसरं काय सांगणार होतो? तो म्हणाला, "चाचांना तू सांग. माझ्यानं न्हाई सांगवत." मी फोन केला. पलीकडं मशीनचा आवाज चालू होता. तो थांबला, आणि चाचा म्हणाले, "बरं झालं. पोरगं चांगलं हाय." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

दिवाळीनंतर त्याचा पहिला सामना होता, त्याच मैदानावर जे दोन वर्षं आमचं घरचं म्हणून होतं. चाचा सांगलीहून एकटेच एस.टी.नं आले. साधा पांढरा शर्ट घातलेला होता. कठड्यावरच्या साताऱ्याच्या पोरांनी त्यांना ओळखलं. एक जण उठला, काहीतरी बोलणार होता, आणि मग नुसती जागा करून दिली. "बसा चाचा." मला वाटलं, त्यापेक्षा त्यानं पाळण्यातल्या पोराच्या लग्नावरून काहीतरी बोलायला हवं होतं.

गोलकीपरनं पहिल्या हाफमध्येच दोन गोल अडवले. दुसऱ्या वेळी तो आडवा होऊन चेंडूपर्यंत पोचला आणि सगळं मैदान उठलं. चाचाही उठले. त्यांचे दोन्ही हात वर गेले. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हात खाली घेऊन बसले. शेवटपर्यंत ते पुन्हा उठले नाहीत.

सामना संपल्यावर मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. सांगलीची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो, चहा घेतला. आणि तिथं मी सांगितलं. बाभळीचं बी, मेंढरांचं पोट, दुसऱ्या वर्षाचा पेपर, मिळालेले गुण, सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज परीक्षेत तोंडी उत्तर देतात तसा येत होता, आणि तो मला थांबवता येईना.

चाचांनी मधे एकदाही अडवलं नाही. कप खाली ठेवला.

"म्हंजी तुला ठावं हुतं."

"व्हय. त्या वक्ताला आठवलं न्हाई, चाचा."

"आठवलं न्हाई, का आठवून बघितलं न्हाई?"

मी माझा कप बाकाखाली सरकवला.

"आमी पन्नास जण हुतो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "व्हय म्हनायला पन्नास तोंडं हुती की. तुला इचारलं ते कुनीतरी न्हाई म्हनावं म्हनून. त्येच्यासाठी तर तुला शिकीवला."

गाडी लागली. लोक धावले. चाचा सावकाश उठले, पिशवी घेतली, आणि मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "चाचा, रविवारी येऊ का सांगलीला?"

पायरीवर एक पाय ठेवून ते वळले.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

रागानं नव्हे. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. साइट बंद होती, फट बंद होती, संघ नव्हता. मी कशाला येणार होतो, ते मला सांगता आलं नाही. मागचा माणूस "चला वर, चला" म्हणाला. चाचा आत गेले, पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसले, आणि गाडी कऱ्हाडच्या रस्त्याला लागली.